पट्टीची नळी होईपर्यंत

प्रयोगशाळेत तिला सगळे मणीताई म्हणत. कुणी तिच्या कामाबद्दल विचारलं की ती टेबलाच्या खणातून रंगीत मण्यांची डबी काढायची आणि बोलता बोलता दोऱ्यात मणी ओवायला लागायची, त्यावरून पडलेलं हे नाव.

"हा एक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. असे आठ ओवले की झालं आपलं पेप्टाइड. आता ही माळ पाण्यात सोडायची आणि हात मागे घ्यायचे. पुढचं तिचं ती बघते."

"म्हणजे काय करते?"

"नळी होते. एक माळ नव्हे, लाखो माळा एकमेकींना चिकटून. कुणी वळत नाही, कुणी जोडत नाही, आपोआप."

समोरचा मान डोलवायचा आणि त्याला काही पटलेलं नाही हे तिला दिसायचं. मग ती म्हणायची, "तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या. त्याच्या जाडीत माझ्या दोन हजार नळ्या शेजारी शेजारी झोपतात." समोरच्याला टक्कल असेल तर ती स्वतःचा केस उपटून दाखवायची.

घरी मात्र हे भाषण चालायचं नाही. घरी तिचे बाबा होते. बाबांनी चाळीस वर्षं नळजोडणीची कामं केलेली, त्यामुळे नळी या विषयात त्यांना कुणी शिकवावं हे त्यांना मंजूर नव्हतं. केसाचं उदाहरण त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "बरं. आणि आटे कोण पाडतं?"

"आटे नसतात बाबा."

"मग जोडतेस कशी?"

"जोडायच्याच नाहीत. त्यांच्या पोकळीत औषध भरता येईल, किंवा धातूची तार ओतता येईल. साच्यासारखं."

"म्हणजे गळतात की नाही ते तुला अजून माहीत नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

इमारतीतले शेजारी तर दोघांना एकाच धंद्यातले समजत. बाबांचे गुडघे गेल्यापासून कुणाच्या मोरीचा नळ ठिबकू लागला की दार तिचं वाजायचं. तीही पान्हा घेऊन जायची आणि वायसर बदलून यायची. लहानपणापासून बाबांच्या मागे हिंडल्यामुळे तिला ते येत होतं. त्यांच्याकडून तिने आणखी एक गोष्ट उचलली होती: चालणारी वस्तू टाकायची नाही. बाबांच्या पिशवीत तीस वर्षांपूर्वीचा नळ वळवायचा पितळी कोपरा निघायचा. प्रयोगशाळेत बाकीचे लोक काचेच्या बाटल्या एकदा वापरून फेकत, ती आपली स्वतः धुऊन, पाण्याने एकदा आणि अल्कोहोलने दोनदा खंगाळून फळीवर उलट्या घालायची. ढवळायची काचेची कांडीसुद्धा एकच. तिचं एक टोक जरा टवकलेलं होतं, पण ढवळायला काय सरळ टोक लागतं?

ती इथे आली ती सहा महिन्यांच्या कामावर, आणि सोळा वर्षं झाली तरी इथेच होती. डॉक्टरेट नाही. पेप्टाइड बनवणारं यंत्र चालवायचं, एवढंच काम. मोठमोठे संशोधक कागदावर मण्यांचा क्रम लिहून पाठवत आणि ती माळ ओवून देई. शिंप्यासारखं होतं ते, माप त्यांचं आणि शिलाई हिची. कधी कधी एखादी माळ यंत्रातच गोळा होऊन बसायची, पुढचा मणी चढायचाच नाही. संशोधक चरफडत आणि दुसरा क्रम पाठवत. ती मात्र अशा बिघडलेल्या माळांची एक वही ठेवू लागली. कोणता मणी कोणाशेजारी आला की चिकटतो, कुठे एक बारका मणी घातला की सुटतो. सात-आठ वर्षांत ती वही जाड झाली, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की जगाला ज्या माळांची कटकट वाटते, त्या तिला तोंडपाठ झाल्या आहेत.

तिथून तिचा स्वतःचा आराखडा सुरू झाला. माळेची एक बाजू तेलकट आणि दुसरी पाण्याला धरून राहणारी. एका टोकाला धन विद्युतभार, दुसऱ्याला ऋण, म्हणजे शेजारच्या माळा रांगेतल्या माणसांसारख्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहतील आणि त्यांची पट्टी होईल. आणि तिसऱ्या जागी मुद्दाम एक धटिंगण मणी, जो शेजाऱ्याला किंचित ढकलेल. प्रत्येक माळ शेजारणीपेक्षा केसभर तिरकी बसेल आणि सगळी पट्टी पीळ घेत जाईल. ती पेन्सिलीला कागदाची पट्टी गुंडाळून बघायची. पीळ योग्य असेल तर कडेला कड भिडते आणि नळी मिटते. जास्त असेल तर दोरी होते, कमी असेल तर नुसती पट्टी लोळत पडते. एकेचाळीस क्रम फसले. बेचाळिसावा जमला.

विभागप्रमुख, म्हणजे सर, सरळ माणूस होते. शोधनिबंध निघाला तेव्हा त्यांनी पहिलं नाव तिचं टाकलं. यंत्र चालवणाऱ्या बाईचं नाव सर्वांत पुढे, हे त्या इमारतीत आधी कधी घडलं नव्हतं. काहींना ते फारसं रुचलंही नाही. निबंधात लिहिलं होतं: भुकटी कोमट पाण्यात ढवळावी, दोन तासांत चाळीस नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या तयार होतात.

आठ महिन्यांनी दूरच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. तिथल्या प्रमुख बाईंचं नाव आदराने आणि थोड्या भीतीने घेतलं जाई. मणीताईच्या विभागात त्यांना "तिकडच्या मॅडम" म्हणत. पत्र चार ओळींचं होतं. आम्ही आपला प्रयोग तीन वेळा केला. एकदा आपण पाठवलेल्या भुकटीने, दोनदा आमच्या. नळ्या झाल्या नाहीत, फक्त पट्ट्या दिसतात. महिनाअखेर तसं छापायला पाठवत आहोत.

सरांनी पत्र तिच्यासमोर ठेवलं. "ताई, हे छापून आलं की आपल्याला निबंध मागे घ्यावा लागेल. आणि मग लोक काय म्हणतील ते तुम्हाला सांगायला नको."

"म्हणतील की, यंत्रवालीला पुढे केलं की असं होतं."

"मी नाही म्हणणार."

"तुम्ही नाही म्हणणार, पण ऐकून घ्याल." ती पत्र पुन्हा वाचत म्हणाली. "त्यांना वेळ मागा सर. त्यांचं पाणी आणि त्यांच्या बाटल्या मागवा. माळ बरोबर आहे, दुसरं काहीतरी चुकतंय."

पाणी आलं, बाटल्या आल्या. तिने त्यांच्या पाण्यात, त्यांच्या बाटलीत भुकटी ढवळली आणि दोन तासांनी थेंब घेऊन शेजारच्या खोलीत गेली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवणारा तिथे बसायचा. त्याला सगळे फोटोवाला म्हणत. त्याने पडद्याकडे बघितलं आणि खुर्ची मागे ढकलली.

"शेवयांचा डोंगर आहे ताई. सगळ्या पोकळ. तिकडच्या मॅडमना म्हणावं, चष्मा बदला."

"त्या पट्ट्या म्हणतायत म्हणजे पट्ट्याच असणार. त्या उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत."

"मग तुमच्या हाताला गुण आहे, दुसरं काय! माझ्या आजीच्या हाताला होता. तिने लावलेलं झाड कधी मेलं नाही."

तो कौतुकाने म्हणाला, पण तिला ते टोचलं. दोन दिवसांत सरही तेच बोलले आणि जिन्यात भेटलेल्या एकाने तर हसून तिचा हात हातात घेऊन बघितला. तिला वाटलं, याच्यापेक्षा तोंडावर खोटारडी म्हटलं असतं तरी चाललं असतं. हाताचा गुण निबंधात कसा लिहायचा? जे फक्त माझ्या हातून होतं, ते झालंच नाही असं धरायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने फोटोवाल्याला ओढत तळमजल्यावर नेलं, टपाल विभागात. तिथल्या कारकुनाने कोपऱ्यातलं टेबल मोकळं करून दिलं.

"इथे कशाला?" फोटोवाल्याने विचारलं.

"इथे माझी नळी आजवर कधी आलेली नाही. आणि आज मी कशालाच हात लावणार नाही. तू ढवळायचं."

"मी? ताई, मला चहात साखर नीट ढवळता येत नाही."

"म्हणूनच तुला आणलं."

पहिल्या बाटलीत सगळं नवं कोरं. चमचा नवा, कांडी नवी. दुसऱ्या बाटलीत भुकटी तीच, पाणी तेच, फक्त ढवळायला तिची टवकलेली कांडी. घाईत दोन्हीकडे चार-चार थेंबच पाणी घेतलं होतं, संध्याकाळपर्यंत ते सुकूनही गेलं. पण त्याआधी, दोन तास होताच, दोघांनी वर जाऊन पाहिलं. पहिलीत नुसत्या पट्ट्या. दुसरीत नळ्याच नळ्या.

फोटोवाल्याने कांडी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली. "म्हणजे गुण तुमच्या हाताला नाही. हिला आहे."

तिला हसू आलं नाही. टवक्याच्या खरबरीत जागेत जुन्या नळ्यांचे तुकडे बसले असणार. पाण्याने आणि अल्कोहोलने ते निघत नाहीत, त्यांना जहाल आम्ल लागतं. तो एक तुकडा नव्या पाण्यात पडला की नव्या माळांना आयता साचा मिळतो, आणि त्या त्याच्यावर चढत जातात. दुधाला विरजण लागावं तसं. तिने चार वर्षांत एकशे तीस वेळा नळ्या केल्या होत्या, पण कोरी सुरुवात अशी एकदाच झाली होती. मग ती पहिली नळी कशी झाली?

तिने चार वर्षांपूर्वीची वही काढली. बेचाळिसावा क्रम. पहिल्या दिवशीच्या तारखेसमोर तिच्याच अक्षरात एक ओळ होती आणि त्या ओळीवर तिनेच मारलेली एक आडवी रेघ. रेघेखालचं वाचता येत होतं: *फक्त पट्ट्या. नापास.* खाली, वेगळ्या शाईत: *नळ्या!!*

सगळं आठवलं. त्या दिवशी पट्ट्या दिसल्या होत्या. तिने बाटली खणात टाकली होती आणि दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेली होती, बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. तेविसाव्या दिवशी परत आली तेव्हा बाटली फेकण्याआधी उगाच कांडीने एक थेंब काढून पाहिला, तर नळ्या. तिला वाटलं, पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपसाठी नमुना नीट रंगवला गेला नसेल, आपलं बघणंच चुकलं. कांडी खंगाळून तिने दुसरी बाटली ढवळली. त्यात दोन तासांत नळ्या आल्या, आणि तिची खात्रीच पटली. खरी ओळ तिने खोडली होती आणि समजूत ठेवली होती.

वही घेऊन ती सरांकडे गेली. सरांनी दोन्ही ओळी वाचल्या, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"म्हणजे कोऱ्या पाण्यात तेवीस दिवस लागतात."

"तेवीस किंवा कमी. मी मधे बघितलंच नव्हतं. पट्टी लगेच होते, पण तिला पीळ भरून कड कडेला भिडायला वेळ लागतो. दोन तासांचं वाक्य चुकलं सर. ते माझं चुकलं."

"असू दे, सापडलं ना?" सरांच्या आवाजात एकदम जीव आला. "आता सोपं आहे. तुमच्या नळ्यांचा एक थेंब तिकडे कुरियर करू. त्यांच्या बाटलीत टाकला की दोन तासांत नळ्या. विषय संपला."

"नको."

"का?"

"थेंब पाठवला तर एवढंच ठरेल की नळीवरून नळी होते. माझं म्हणणं वेगळं आहे. या आठ मण्यांच्या क्रमातच नळी आहे. ती कुठेही व्हायला हवी, जिथे माझी नळी कधी गेलीच नाही तिथेसुद्धा. इथे मी करून दाखवली तर त्या म्हणतील, ताईंच्या कपड्यांवरून तुकडे गेले असतील. बरोबरच म्हणतील. हे फक्त त्यांच्याकडेच ठरू शकतं."

"आणि तिथे तेवीस दिवसांनी नाही झाली तर?"

"तर निबंध मागे घ्या. तसं पत्र मीच लिहून देईन." मग ती म्हणाली, "पण होईल."

घरी बाबांनी सरांचीच बाजू घेतली. "अगं, गिऱ्हाईकाला पाणी हवं असतं. तुझं तत्त्व घेऊन तो काय आंघोळ करणार? पाठव नमुना आणि हो मोकळी."

"बाबा, तुम्ही बसवलेला नळ फक्त तुमच्याच पान्ह्याने सुरू झाला असता तर?"

"तर लोकांनी मला पान्ह्यासकट घरात ठेवून घेतलं असतं. धंद्याला वाईट नाही." मग पाय चोळत ते म्हणाले, "तू ऐकणार नाहीस. तुझी आईही ऐकायची नाही. वाढ जेवायला."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन लावला. तिकडच्या मॅडमचा आवाज पत्रासारखाच होता, कमी शब्दांचा.

"तुमच्या त्या तीन बाटल्या अजून आहेत का?" तिने विचारलं.

"नाहीत. दोन तास लिहिलंय, आम्ही दोन दिवस थांबलो. मग फेकल्या."

तिने काही न लपवता सगळं सांगितलं. कांडी, खोडलेली ओळ, रजा.

"हे तुम्ही मला का सांगताय? नमुना पाठवला असता तर मला कळलंही नसतं."

"कळलं असतं. दोन वर्षांनी. तेव्हा तुम्ही आणखी कडक पत्र लिहिलं असतं."

मॅडम हसल्या की खोकल्या ते तिला कळलं नाही. "पाच आठवडे देते. भुकटी माझी, काच कोरी, माणसं माझी. दर आठवड्याला फोटो पाठवू. तुमच्याकडून कागदसुद्धा येता कामा नये."

"मला तेच हवंय."

पहिल्या आठवड्याच्या फोटोत सपाट पट्ट्या. दुसऱ्यात पट्ट्यांना पीळ, जत्रेतल्या फिरकीला गुंडाळलेल्या रंगीत कागदासारखा. फोटोवाला रोज विचारायचा, "मिटली का?" ती म्हणायची, "रुंद होतेय." तिसऱ्या आठवड्यात पट्ट्या चांगल्याच रुंद झाल्या, वेढ्यावेढ्यामधली फट निम्मी उरली. ती मोजपट्टीने फट मोजून वहीत लिहायची आणि आपल्या यंत्राकडे परत जायची. त्या दिवसांत तिने दुसऱ्यांच्या अकरा माळा ओवून दिल्या, एकही बिघडली नाही.

तेविसाव्या दिवशी फोटो आला. वेढे एकमेकांजवळ आले होते, पण मिटले नव्हते. प्रत्येक नळीवर एक बारीक तिरकी चीर.

सर तिच्या दारात येऊन उभे राहिले. "ताई, अजूनही वेळ गेलेली नाही. एक थेंब."

तिने फोन उचलला. "मॅडम, बाटली ठेवलीय त्या खोलीचं तापमान किती?"

"अठरा. आमच्याकडे यंत्रांसाठी सगळं अठरावरच असतं."

"माझ्या खणात सत्तावीस होतं. गारव्यात माळा सावकाश सरकतात." तिने वहीतल्या तीन आठवड्यांच्या फटींखाली रेघ ओढली, पुढचा आकडा काढला. "आणखी आठ दिवस. एकतिसाव्या दिवशी बघा."

"तुम्ही तारीख देताय?"

"हो. लिहून घ्या."

सर डोक्याला हात लावून खाली बसले. "तारीख कशाला दिलीत? 'लवकरच' म्हणायचं!"

"लवकरच म्हटलं तर कधीही झाली तरी खरी ठरेन. मग काय उपयोग?"

मधल्या दिवसांत तिला एकदाही वाटलं नाही की आपण चुकलो, असं नाही. एकोणतिसाव्या दिवशी तिने मण्यांची माळ पुन्हा ओवली आणि तिसऱ्या मण्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली. हा ढकलतो, म्हणून पट्टी वळते. वळते म्हणून मिटणार. यात कुठे भोक आहे का? तिला सापडलं नाही. तिने माळ उतरवून डबी बंद केली आणि शेजारच्या बाईंचा मोरीचा नळ दुरुस्त करून आली.

एकतिसाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. फोटो नव्हता आला, मॅडम स्वतः होत्या.

"मिटल्या."

"सगळ्या?"

"दहातल्या नऊ. जाडी एकोणचाळीस ते एक्केचाळीस. टोकं तुटलेली दिसतात तिथे गोल भोक स्पष्ट आहे. मी तीन वेगवेगळ्या माणसांना तीन बाटल्या बघायला लावल्या, एकमेकांना न सांगता." मग त्यांनी घसा साफ केला. "आमची टीप आता वेगळी जाईल. तुमचा क्रम बरोबर, तुमचा वेळ चूक. दोन्ही लिहीन."

"दोन्ही लिहा. माझी दुरुस्तीही तयार आहे, सत्तावीस अंशांना तेवीस दिवसांच्या आत, अठराला एकतीस. तुमचं नाव घालू?"

"घाला. आणि ताई, एक तक्रार आहे. माझ्या खोलीत सहा जण पेप्टाइडवर काम करतात. आता तुमच्या नळ्या माझ्या टेबलांवर, चमच्यांवर, माझ्या माणसांच्या बाह्यांवर. यापुढे इथे कुणी ही माळ ढवळली की दोन तासांत नळी! माझी कोरी खोली गेली कामातून."

"गेलीच," मणीताई म्हणाली. खुर्चीत मागे रेलून ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली, इतकी की फोटोवाला दारात डोकावला. "जहाल आम्लाने धुवा सगळं. नाहीतर असं करा, ज्यांच्याकडे अजून नळ्या गेल्या नाहीत अशी एखादी प्रयोगशाळा बघून ठेवा. त्रेचाळिसावा क्रम तयार आहे माझा, ऐंशी नॅनोमीटरचा. त्याला कोरी खोली लागेल, आणि निदान दोन महिने."